बांद्याचा कुलकर्णी, उज्जैनचा नाथ

चैत्र शुद्ध नवमी ही रामजन्माची तिथी. पेडणे, बांदा आणि सावंतवाडीच्या परिसरात मात्र या दिवसाला आणखी एका स्मरणाची जोड आहे. १७९२ साली याच तिथीला, क्षिप्रेच्या काठी उज्जैन नगरीत, अठ्ठ्याहत्तरीच्या घरातील एक वृद्ध साधू रामजन्माच्या उत्सवातून उठला, मठाबाहेर पडला आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही, असे परंपरा सांगते. सोहिरोबानाथ आंबिये हे त्या साधूचे नाव. त्यांची समाधी नाही. ज्या संताची समाधी नाही त्याच्या नावे यात्रा भरणे कठीण, आणि यात्रा नसली की विस्मरणाला वाट मोकळी होते. तरीही सव्वादोनशेहून अधिक वर्षे सोहिरोबा टिकून आहेत ते त्यांच्या पदांच्या बळावर. गोव्यातील भजनी मंडळांनी ती पदे पिढ्यान्‌पिढ्या म्हटली. ज्ञानाला आतल्या दिव्याची उपमा देणारे त्यांचे एक पद तर मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या स्वरामुळे गोव्याबाहेरही घराघरांत पोहोचले. गंमत अशी, की ते पद ओठांवर असलेल्यांपैकी पुष्कळांना त्याचा कर्ता आपल्या शेजारचा आहे याची कल्पना नसते.

सोहिरोबांचा जन्म १७१४ सालचा, बांद्याचा. पत्रादेवीची सीमा ओलांडली की लागणारे हे गाव आज महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. परंतु अठराव्या शतकात ही सीमा आजच्या जागी नव्हती. बांदा आणि पेडणे हे दोन्ही मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचे. तेरेखोलच्या पाण्याने आणि सोयरसंबंधांनी ते एकमेकांशी बांधलेले. पोर्तुगीज सत्ता तेव्हा तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींपुरती होती. फोंडा १७६३ मध्ये, डिचोली व सत्तरी १७८१–८२च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये तिच्याकडे गेले. सोहिरोबा गोव्याचे की कोकणचे, हा वाद अधूनमधून निघतो. त्यांच्या हयातीच्या नकाशावर त्याला फारसा अर्थ उरत नाही. ज्या मातीत ते वाढले तिचा एक तुकडा पुढे गोवा झाला आणि दुसरा महाराष्ट्र.

घराणे गौड सारस्वतांचे, मूळ आडनाव संझगिरी. आंबिये हे उपनाम पुढे त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. घरी बांद्याचे कुलकर्णीपण होते. कुलकर्णी म्हणजे गावाचा लेखनिक. कोणाच्या नावे किती जमीन, तिची प्रत किती, सारा किती, थकबाकी किती, हे सारे त्याच्या दप्तरात. वरून सरकारचा तगादा आणि खालून रयतेची गाऱ्हाणी यांच्या मध्ये बसून आकडे जुळवणाऱ्या माणसाचे हे काम. त्यात मान होता, उत्पन्न होते आणि परस्वाधीनताही होती. राजदरबारातून बोलावणे आले की हातातले टाकून निघावे लागे. सोहिरोबांच्या आयुष्याला वळण मिळाले ते अशाच एका बोलावण्यामुळे, असे त्यांची पारंपरिक चरित्रकथा म्हणते.

ती कथा पेडणे-बांद्याच्या बाजूला लहान मुलांनाही ठाऊक असते. सावंतवाडीच्या राजाचे तातडीचे बोलावणे आले. घरात भोजनाची तयारी असतानाच कुलकर्ण्यांना निघावे लागले. सोबत काय घ्यायचे, तर एक पिकलेला फणस. बांद्याहून सावंतवाडीकडे जाणारी वाट इन्सुलीच्या रानातून जाते. तेथे एका झऱ्याकाठी ते थांबले, फणस फोडला आणि गरे काढून खायला बसले. उपाशीपोटी धावायला लावणाऱ्या या चाकरीचा विचार मनात घोळत असतानाच झाडीतून कोणी साधू पुढे आला आणि आपल्यालाही काही मिळेल का, असे त्याने विचारले. कुलकर्ण्यांनी गरे पुढे केले. साधूने ते खाल्ले, त्यातला काही भाग प्रसाद म्हणून परत दिला, मस्तकावर हात ठेवला आणि तो दिसेनासा झाला. हे गहिनीनाथ होते, अशी सोहिरोबांची आणि त्यांच्या परंपरेची श्रद्धा. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीच्या आसपास होते.

या कथेकडे कसे पाहावे? गहिनीनाथ हे तेराव्या शतकातले, निवृत्तिनाथांचे गुरू. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव ही परंपरा महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्यातील एक सिद्ध पाचशे वर्षांनी इन्सुलीच्या रानात प्रकटतो, हे इतिहासाच्या कसोटीवर उतरणारे नाही. नाथपंथाच्या दृष्टीने मात्र सिद्ध चिरंजीव असतात. काळाचा आकडा त्यांना लागू होत नाही. आपण इतिहासाचे विद्यार्थी असू तर एवढे म्हणता येते, की सोहिरोबांनी आपल्या अनुभूतीचे नाते निवृत्तिनाथ-ज्ञानदेवांच्या मुळाशी थेट जोडले आणि मधल्या कोणत्याही मठाचा, गादीचा आधार घेतला नाही. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेत उरते ते पुष्कळ आहे. एक भुकेला माणूस आपल्या तोंडचा घास पुढे करतो, आणि आपण कोणाचे चाकर आहोत हा प्रश्न त्याला त्याच क्षणी पडलेला असतो. मला ही कथा प्रिय आहे ती त्या फणसामुळे. सोन्याचे ताट नाही, कमळ नाही. वैशाखातला साधा, चिकाने हात भरवणारा फणस आहे. गुरुकृपेची इतकी कोकणी कथा दुसरी सापडणे अवघड.

त्यानंतर त्यांनी कुलकर्णीपण सोडले. आणि येथेच त्यांच्या चरित्रातले खरे विलक्षण पर्व सुरू होते, ज्याकडे कथा सांगणारे सहसा धावत्या नजरेने पाहतात. चाकरी सोडली, परंतु घर सोडले नाही. साक्षात्काराची वार्ता आणि गृहत्याग यांच्यामध्ये जवळजवळ पाव शतक गेले. तो सारा काळ सोहिरोबा बांद्यात राहिले, संसारात राहिले आणि लिहीत राहिले. सिद्धांतसंहिता, अद्वयानंद, पूर्णाक्षरी, अक्षयबोध आणि महदनुभवेश्वरी हे त्यांचे प्रमुख ग्रंथ १७४८ ते १७५० या अल्प काळातले मानले जातात. दोन-तीन वर्षांत एवढी निर्मिती म्हणजे बांध फुटल्यासारखेच झाले. याखेरीज पदे, अभंग, आरत्या अशी स्फुट रचना वेगळी. त्यांतली काही पदे हिंदुस्थानीतही आहेत.

हे सारे कागदावर आले कसे, याविषयी परंपरेने एक तपशील जपला आहे, आणि तो मला फणसाच्या कथेइतकाच महत्त्वाचा वाटतो. सोहिरोबांच्या तोंडून रचना सहज बाहेर पडत; त्या टिपून ठेवण्याचे काम त्यांची विधवा बहीण करी. अठराव्या शतकातील सारस्वत घरातली विधवा, तिला अक्षरज्ञान होते, भावाच्या मुखातून निघणारी वेदान्ताची परिभाषा चुकू न देता उतरवून घेण्याइतकी समज होती, आणि ती हे काम वर्षानुवर्षे करत होती. दप्तर सांभाळणाऱ्या घरातली लेखणी तिच्या हाती आली आणि जमाबंदीऐवजी अद्वैत लिहू लागली. सोहिरोबा स्वतः ग्रंथ जपण्याच्या वृत्तीचे नव्हते, असेच त्यांच्या उत्तरायुष्यावरून दिसते. ती नसती तर आपल्याला फणसाची गोष्ट कळली असती, पण पदे मिळाली नसती. संतांच्या चरित्रांत लिहून घेणाऱ्यांना एक ओळ मिळते. या बहिणीला तर आपण तेवढीही नीट दिलेली नाही.

आता त्यांच्या उपदेशाकडे वळू. गोमंतकीय वाचकाला अद्वैत वेदान्त परका नाही. फोंड्याजवळ कवळे येथे जो मठ आहे तो गौडपादाचार्यांच्या नावाचा. गौडपादाचार्य हे शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू. मांडूक्य उपनिषदावरच्या कारिका त्यांच्या. मांडूक्य हे सर्वांत लहान उपनिषदांपैकी एक, अवघ्या बारा मंत्रांचे. त्यात ओंकाराच्या तीन मात्रा जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्थांशी जोडल्या आहेत, आणि चौथी जी तुरीया ती अमात्र म्हणजे मात्रेवाचूनची सांगितली आहे. ओंकार उच्चारून झाल्यावर जी शांतता उरते, तिच्याकडे हा निर्देश आहे. वेदान्तातील मौनाची संकल्पना समजून घ्यायची तर येथून सुरुवात करावी. तोंड बंद ठेवणे ही त्या मौनाची केवळ बाहेरची पायरी. ज्याच्यावर जागृती, स्वप्न आणि झोप येतात व जातात, त्या साक्षीत स्थिर होणे हे खरे मौन.

शांकर मतात हे साधायचे ते श्रवण, मनन आणि निदिध्यासन यांच्या मार्गाने, म्हणजे मुख्यतः विचाराने. नाथपंथाने त्यात शरीर आणि श्वास आणले. नाथांच्या दृष्टीने देह हा टाकून देण्याचा पसारा नाही. तो साधनेची भूमी आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे जे विस्तृत वर्णन येते, ते याच परंपरेचे. सोहिरोबा या दोन्ही प्रवाहांच्या संगमावर उभे आहेत. त्यांच्या ग्रंथांची नावेच पाहा. अद्वयानंद हे नाव सरळ वेदान्ताचे. महदनुभवेश्वरी या नावात मात्र अनुभव मध्यभागी येऊन बसला आहे. जे जाणले ते अनुभवले पाहिजे, ही त्यांची ओढ नावापासूनच दिसते.

त्यांच्या पदांत पुन्हा पुन्हा येणारी एक कल्पना म्हणजे सोहंची. तिचा अर्थ जो तो सांगतो. ती साधना म्हणून कशी चालते हे थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. श्वास आत येताना एक ध्वनी असतो, बाहेर जाताना दुसरा. योगपरंपरेने त्या दोन ध्वनींत सो आणि हं ही अक्षरे ऐकली. तो म्हणजे परब्रह्म, आणि अहं म्हणजे मी. माणूस अहोरात्रात २१,६०० वेळा श्वास घेतो, असे योगग्रंथ मानतात. म्हणजे प्रत्येक जीव, त्याला ठाऊक असो वा नसो, दिवसाकाठी २१,६०० वेळा तो मीच आहे असे म्हणत असतो. न जपता चाललेला म्हणून हा अजपाजप. साधकाने नवे काही करायचे नाही; जे चाललेच आहे तिकडे लक्ष वळवायचे. माळ नको, आसनमांडणी नको, वेळेचे बंधन नको. शेतात नांगर धरणारा आणि चुलीपुढे बसलेली बाई यांनाही ते करता येते. संसारात राहून पाव शतक साधना करणाऱ्या माणसाने हीच वाट का जवळ केली, हे यावरून कळते.

दुसरी कल्पना वाणीची. वैखरी, मध्यमा, पश्यंती आणि परा अशा वाणीच्या चार पायऱ्या आपल्याकडे मानल्या आहेत. ओठांवर येते ती वैखरी. तिच्या आधी कंठाशी, त्याआधी हृदयाशी, आणि मुळाशी नाभीत परा. बोलणे बाहेर येते ते वरून खाली नव्हे, खोलवरून पृष्ठभागाकडे. ध्यान म्हणजे हाच प्रवास उलट दिशेने करणे. नाम प्रथम मोठ्याने घ्यावे, मग ओठ न हलवता, मग नुसते आठवावे, मग आठवणेही मावळावे. त्या टोकाशी योग्याला अनाहत नाद ऐकू येतो, म्हणजे दोन वस्तू एकमेकींवर न आपटता निर्माण झालेला नाद, आणि शेवटी तोही विरतो. मनाच्या या मावळण्याला नाथपंथीय परिभाषेत उन्मनी म्हणतात. येथे एक शंका साहजिकच येते. शेवट मौनात असेल तर सोहिरोबांनी एवढी पदे रचली कशाला? उत्तर त्यांच्या रचनेतच आहे, असे मला वाटते. त्यांची पदे गाण्यासाठी आहेत. ती ऐकताना चाल, ताल आणि शब्द हळूहळू एका जागी येऊन थांबतात. भजन संपल्यावर टाळ खाली ठेवले जातात आणि क्षणभर कोणी बोलत नाही. पेडण्यातल्या एखाद्या देवळात सप्ताहाच्या रात्री हा क्षण ज्याने अनुभवला आहे, त्याला मांडूक्याची चौथी मात्रा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सोहिरोबांचा ढोंगावर राग होता. बाहेरचा वेष, भस्म, जटा आणि आत लोभ, या विसंगतीला ते सोडत नसत. घर न सोडता साधना केलेल्या माणसाला असे बोलण्याचा अधिकार होता.

आणि मग, साठीच्या सुमारास, म्हणजे १७७४च्या आसपास, त्यांनी घरही सोडले. हे का घडले याचे उत्तर परंपरा गुरुआज्ञा या एका शब्दात देते. मला त्यात एक प्रकारची शिस्त दिसते. ज्या वयात लोक आधार शोधतात, त्या वयात त्यांनी आधार सोडला. तीर्थाटन करीत ते उत्तरेकडे सरकत गेले आणि अखेरीस माळव्यात पोहोचले.

बांद्याचा माणूस माळव्यात जातो हे आज आपल्याला दूरचे वाटते. आपल्यापैकी ज्यांनी वास्कोहून सुटणाऱ्या गोवा एक्स्प्रेसने दिल्ली गाठली असेल, त्यांना मार्ग पाठ असेल: पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी, आणि मग भोपाळ. उज्जैनला जायचे तर भोपाळला उतरावे आणि पश्चिमेकडे सुमारे १९० किलोमीटर जावे. त्या काळी हाच प्रवास महिन्यांचा होता. पण कोकणच्या सारस्वतांसाठी माळवा अनोळखी मुलूख नव्हता, आणि त्याचे कारण भोपाळशीच जोडलेले आहे. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी भोपाळ येथे निजामाला कोंडीत पकडले. जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळच्या दोराहा सराईत तह झाला आणि निजामाने नर्मदा ते चंबळ यांमधला माळवा मराठ्यांना मिळवून देण्याचे मान्य केले. त्या वेळी सोहिरोबा चोविशीतले, बांद्याचे दप्तर सांभाळत असतील. दूर भोपाळच्या वेढ्यात काय घडते आहे आणि आपल्या म्हातारपणाशी त्याचा काय संबंध येणार आहे, हे त्यांना कुठून कळावे? परंतु त्या तहामुळे माळव्यात मराठी अंमल पक्का झाला, राणोजी शिंद्यांचे उज्जैन भरभराटीस आले, आणि त्यांच्या दिवाणगिरीवर असलेल्या रामचंद्रबाबा सुखटणकर शेणवी यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. कोकणातल्या एका सारस्वताने महाकालाचे देऊळ उभारावे आणि दुसऱ्याने त्याच नगरीत मठी बांधून राहावे, असा हा योग.

शिंद्यांच्या दरबारात शेणव्यांची संख्या इतकी होती, की पुढे महादजींच्या मृत्यूनंतरच्या राजकारणात त्यांचा एक पक्षच मानला गेला. त्यांतले अग्रणी जिवबादादा बक्षी, म्हणजे आपल्या पेडण्यातील केरीचे केरकर. सेनेचे हे बक्षी महादजींच्या अत्यंत विश्वासातले. सावंतवाडीचे राजे तिसरे खेमसावंत यांचा विवाह १७६३ मध्ये जयाप्पा शिंद्यांच्या कन्येशी झाला होता, म्हणजे राजघराण्यांचेही नाते होते. आपल्या मुलखातला साधू माळव्यात आला आहे, हे जिवबादादांना कळणे आणि त्यांनी त्याला धन्याकडे नेणे, हे अगदी स्वाभाविक होते.

ही भेट ग्वाल्हेरला झाली, असे सांगतात. महादजी शिंदे हे केवळ सेनानी नव्हते. त्यांना काव्याची आवड होती. माधवविलास या नावाने त्यांची भक्तिपर रचना ओळखली जाते. बीडचे मन्सूरशहा यांना ते गुरू मानत. दिल्लीच्या बादशहाचा वकील-इ-मुतलक म्हणून १७८४पासून उत्तर हिंदुस्थानातील सत्तेची सूत्रे त्यांच्या हाती होती. अशा पुरुषाने आपली कविता सोहिरोबांपुढे ठेवली आणि अभिप्राय मागितला. सोहिरोबा गप्प राहिले. पुन्हा विचारल्यावर त्यांनी स्पष्टच सांगितले, की शब्द आहेत, पण त्यांमागे अनुभव नाही. दरबार स्तब्ध झाला. महादजी नाराज झाले; जिवबादादांची तर पंचाईतच झाली असावी. सोहिरोबांनी उत्तरादाखल एक हिंदुस्थानी पद म्हटले, ज्यात अवधूताला राजाची गरज नाही असा सूर आहे, आणि ते निघून गेले.

राजा विरुद्ध फकीर ही कथा आपल्याकडे लोकप्रिय आहे, आणि सांगताना महादजींना उथळ ठरवण्याचा मोह होतो. मला तो न्याय्य वाटत नाही. ज्याच्या एका शब्दावर दिल्लीचे तख्त हलत होते, त्याने आपली कविता एका निर्धन वृद्धापुढे ठेवावी आणि त्याचे मत ऐकून घ्यावे, यात त्याचीही थोरवी आहे. कथेतली धग वेगळ्या जागी आहे. सोहिरोबांनी आयुष्यात दुसऱ्यांदा राजाचे बोलावणे ऐकले होते. पहिल्या वेळी ते जेवणावरून उठून धावले होते. या वेळी ते गेले खरे, पण विचारलेल्या प्रश्नाला राजाला रुचेल असे उत्तर देण्याची सक्ती त्यांच्यावर उरली नव्हती. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: स्तुती करणे किती सोपे होते! एक मान डोलावली असती तर मठाला जहागीर मिळाली असती, शिष्य जमले असते, आणि कदाचित आज उज्जैनमध्ये सोहिरोबांचे भव्य स्थान दिसले असते. कवितेविषयी खोटे बोलण्याची ती किंमत त्यांना फार वाटली.

तेथून ते उज्जैनला आले आणि क्षिप्रेच्या काठी राहिले. नाथपंथीयासाठी याहून योग्य जागा नव्हती. येथेच भर्तृहरीची गुंफा आहे; राजवैभव सोडून नाथ झालेल्या त्या राजाची कथा सारा उत्तर भारत गातो. मत्स्येंद्रनाथांच्या नावाची समाधीही याच परिसरात दाखवली जाते. गहिनीनाथांचा शिष्य म्हणवणारा माणूस आपल्या गुरुपरंपरेच्या मुळाशी येऊन बसला होता. मठीत भजन चाले, कोणी आले तर उपदेश होई. माळव्याच्या लोकांशी हिंदुस्थानीत आणि मराठी मंडळींशी आपल्या कोकणी वळणाच्या मराठीत ते बोलत असणार.

इकडे १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. ज्या राजाच्या बोलावण्यावर ते एके काळी धावले होते, त्याच्या राज्याचा तो भाग आता लिस्बनच्या मुकुटाखाली आला. जुन्या काबिजादींत देवळांचे जे झाले ते नव्या काबिजादींत झाले नाही. तेथे हिंदूंना आपला धर्म पाळण्याची मुभा राहिली, आणि म्हणूनच सोहिरोबांची पदे पेडण्याच्या देवळांत गाता आली. मराठी भजन, कीर्तन आणि पोथी यांनी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात मराठीला जो आश्रय दिला, त्यात या पदांचा वाटा आहे. शाळा नव्हती, तेव्हा भजन होते.

१७९२च्या रामनवमीला उज्जैनच्या मठीत उत्सव होता. जन्माची वेळ झाली, भजन झाले. सोहिरोबा उठले आणि चालू लागले. मंडळींना वाटले, नदीवर गेले असतील. ते परतले नाहीत. जलसमाधी म्हणावी तर देह मिळाल्याची कथा नाही, आणि संजीवन समाधी म्हणावी तर स्थान नाही. भाविक त्याला गुप्त होणे म्हणतात. त्याच उन्हाळ्यात महादजी दीर्घ काळानंतर पुण्यास परतले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या छावणीत निवर्तले. त्यांच्यामागे दोन वर्षांनी जिवबादादाही गेले.

बहिणीच्या हातची अक्षरे मात्र बांद्याकडे होती. ती नकलांतून फिरली, भजनी मंडळांच्या वह्यांत गेली आणि पुढे छापली गेली. आज पेडणे तालुक्यात विर्नोडा येथील शासकीय कला व वाणिज्य महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी त्या फलकाखालून रोज जमाखर्चाच्या वह्या घेऊन आत जातात. त्यांच्या गावाकडच्या कुलकर्ण्यानेही सुरुवात तिथूनच केली होती.